व्हीडीआरएल पॉझिटिव्ह म्हणजे गरमीच का?

बाळंतपणाच्या तपासणीत किंवा रक्तदानानंतर रक्ताच्या रिपोर्टवर 'व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह' असे छापून येते आणि घरातली शांतता जाते. नवरा बायकोकडे, बायको नवऱ्याकडे संशयाने पाहू लागते. मेहरूणच्या माझ्या दवाखान्यातही असा कागद घेऊन जोडपी अधूनमधून येतात. त्यांना पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही, की एवढ्या एका कागदावरून कोणाच्याही चारित्र्याचा निकाल लावू नये.

तपासणी काय पाहते?

उपदंश, म्हणजे बोलीभाषेतील गरमी, ट्रेपोनेमा नावाच्या मळसूत्री जंतूमुळे होतो. व्हीडीआरएल मात्र या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहत नाही. आजारात शरीरातील पेशींची मोडतोड होते व कार्डिओलिपिनसारख्या स्निग्ध पदार्थांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. ती या तपासणीत दिसतात. १९४१ साली अमेरिकेत मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयापासून कार्डिओलिपिन वेगळे केले. तेच आजही या तपासणीत वापरतात. घरातील सामान विस्कटलेले दिसले, एवढेच ही तपासणी सांगते. ते चोरानेच विस्कटले असे नाही, मांजरानेही विस्कटले असेल.

गरमी नसताना पॉझिटिव्ह का येते?

हिवताप, विषाणूंचा ताप, क्षयरोग, कुष्ठरोग, नुकतीच घेतलेली लस, गर्भारपण, वाढते वय ही काही कारणे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना हिवताप नवा नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. ताप वगैरे तात्पुरत्या कारणाने आलेला असा निकाल बहुधा सहा महिन्यांच्या आत निगेटिव्ह होतो. त्यापुढेही तो टिकला तर ल्युपससारख्या आजारांची तपासणी करावी. काही स्त्रियांच्या रक्तात कार्डिओलिपिनविरोधी प्रतिद्रव्ये कायम राहतात. त्यांचे वारंवार गर्भपात होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. १९८३ साली लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी या आजाराचे वर्णन केले. म्हणजे चुकीचा पॉझिटिव्हही कधी कधी दुसऱ्या आजाराची चाहूल देतो.

मग काय करावे?

१) रिपोर्टवर प्रमाण लिहून घ्यावे. खोटा पॉझिटिव्ह बहुधा १:८ किंवा त्याहून कमी असतो. पण खऱ्या आजारातही प्रमाण कमी असू शकते, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

२) टीपीएचए ही तपासणी करावी. ती थेट या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहते. ती निगेटिव्ह आली तर बहुधा व्हीडीआरएलचा निकाल खोटा समजावा. मात्र नुकत्याच झालेल्या संसर्गाची शंका असेल तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

३) टीपीएचए पॉझिटिव्ह आली तर पूर्वी बरा झालेला आजारही असू शकतो, कारण उपचारानंतरही ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते. उपचार हवा की नको, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

४) गर्भवतीने मात्र वाट पाहत बसू नये. आजार खरा असेल तर मूल पोटातच दगावू शकते किंवा रोग घेऊन जन्माला येते. म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टर लगेच देतात. पतीचीही तपासणी करावी.

शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व उपचार मोफत होतात आणि नाव गुप्त ठेवले जाते. वाचकहो, खरा आजार पेनिसिलिनने बरा होतो. संशयाने मोडलेल्या संसारावर मात्र इंजेक्शन नाही. म्हणून आधी दुसरी तपासणी, मग बोलणे.