रोबो झाडू साफ करताना धूळ छातीत जाऊ देऊ नका

मागे वस्तीतली एक ताई खोकत माझ्याकडे आली. ताप नाही, सर्दी नाही, डोळे मात्र लाल. विचारपूस केली तेव्हा कळले, ती कामाला जाते त्या घरात जमिनीवर आपोआप फिरणारा रोबो झाडू आला आहे. घर यंत्र झाडते, पण यंत्र कोण साफ करते? आमची ताईच. डबा गॅलरीत आपटायचा, फिल्टरवर फुंकर मारायची. आठवड्याची धूळ थेट तिच्या श्वासात जात होती.

भगिनींनो, घरातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात कातडीचे कण, बुरशी, झुरळांची घाण आणि डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. फिल्टरमध्ये अडकते ती सर्वांत बारीक धूळ. दम्याच्या माणसाला तीच धाप लावते. म्हणून हे काम पुढीलप्रमाणे करा.

आधी यंत्र चार्जिंगवरून काढून बटणाने बंद करा. नाकातोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा. ओढणीने बारीक धूळ पुरेशी अडत नाही. खिडकी उघडा, मुलांना दूर ठेवा.

१. डबा : पिशवीच्या आत धरून हळू रिकामा करा. आपटू नका.

२. फिल्टर : पिशवीतच हलक्या टिचक्या मारा, फुंकू नका. ‘धुता येतो’ असे यंत्राच्या पुस्तिकेत असेल तरच साध्या पाण्याने धुवा आणि निदान २४ तास वाळवा. ओल्या फिल्टरने बुरशी धरते, मोटरही बिघडते.

३. ब्रश आणि चाके : गुंडाळलेले केस कात्रीने जपून कापून काढा. पुढच्या छोट्या चाकातही केस अडकतात.

४. सेन्सर : खालच्या बाजूच्या छोट्या काचा आणि चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. काचा मळल्या तर यंत्राला पायरी कळत नाही. यंत्रावर पाणी ओतू नका.

५. पोछा : पोछ्याचे कापड दर वेळी धुऊन वाळवा, टाकीतले पाणी काढून टाका.

डबा रोज किंवा दर वापरानंतर, फिल्टर आणि ब्रश आठवड्याला, चाके आणि सेन्सर महिन्याला, एवढे पुरते. शेवटी हात साबणाने धुवा.

बॅटरी फुगली, फार तापली किंवा वास आला तर यंत्र चार्जिंगला लावू नका आणि मालकांना लगेच सांगा. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते.

धुळीचे काम केल्यावर छाती आवळते, श्वासात शिट्टी वाजते किंवा रात्री खोकल्याने जाग येते का? मग डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करता तेही सांगा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर ‘धुळीचाच असेल’ म्हणून बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

आणि मास्क मालकिणीकडे मागा. लाजू नका. झाडू, फिनाईल त्या देतात, तसाच मास्कही कामाचेच साहित्य आहे. त्या ताईने मागितला, तिला मिळाला. आता ती डबा पिशवीतच रिकामा करते.