आकाशातले पाहुणे आणि शिवारात उतरणारी पेटी

मित्रांनो, उन्हाळ्यात माळवदावर झोपलो की दक्षिणेला विंचवासारखी वृश्चिक रास दिसते. तिच्यात एक जागा अशी आहे, की तिथून क्ष-किरणांचा सारखा मारा चालू असतो. दवाखान्यात मोडलेल्या हाताचा फोटो काढतात ना, तेच हे किरण. डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि हवा त्यांना वरच्या वर शोषून घेते. (बरेच आहे म्हणा, नाहीतर आपले काही खरे नव्हते!) म्हणून १८ जून १९६२ रोजी अमेरिकेत अग्निबाणातून उपकरण हवेच्या वर पाठवले, तेव्हा कुठे ही जागा सापडली.

काही ठिकाणचे किरण मात्र कायमचे नसतात. आज काही नाही, चार दिवसांनी एकदम प्रखर, आणि काही महिन्यांत गडप! न सांगता आलेले पाहुणेच जणू. ३ ऑगस्ट १९७५ रोजी ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाला असा एक पाहुणा सापडला. हिवाळ्यात मृगातला काक्षी, व्याध आणि प्रश्वा यांचा मोठा त्रिकोण दिसतो, त्याच्या आत ही जागा आहे. थोड्याच दिवसांत, सूर्य सोडला तर, आकाशात क्ष-किरणांनी सर्वांत तेजस्वी तोच झाला. मग शास्त्रज्ञांनी आकाशाच्या फोटोंच्या जुन्या काचा काढून पाहिल्या. १९१७ सालीही तिथला तारा उजळला होता! म्हणजे पाहुणा जुनाच, ५८ वर्षांनी परत आलेला.

असे का होते? तिथे एक कृष्णविवर आहे. ते शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेते. हा वायू त्याच्याभोवती चकतीसारखा फिरत साठत राहतो. तलाव भरत भरत जावा आणि एके दिवशी बांध फुटावा, तसा तो एकदम आत कोसळू लागतो. तेव्हा तो लक्षावधी अंश तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात.

असे पाहुणे टिपायला भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट उपग्रह सोडला. त्यावर फिरत्या पाटावर बसवलेले तीन कॅमेरे होते. त्यांच्या तोंडावर भिंग नाही, तर फटींची जाळी! खिडकीच्या जाळीची सावली कुठे पडली यावरून ऊन कोणीकडून आले ते कळते ना, तसेच हे. त्यावरची आणखी काही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली.

उपग्रहाच्या कितीतरी आधी, १९६८ साली, याच संस्थेच्या लोकांनी हैदराबादहून फुगा सोडून वृश्चिकेतले क्ष-किरण मोजले होते. पातळ प्लॅस्टिकचे हे फुगे प्रचंड असतात, ३०-४० किलोमीटर वर जातात. काम झाले की उपकरणाची पेटी रंगीत छत्रीने खाली येते. वारा नेईल तिकडे, म्हणजे आपल्या नांदेड-लातूरच्या शिवारातसुद्धा ती उतरू शकते.

तेव्हा आई-बाबांनो, काका-मामांनो, ज्वारीत अशी पेटी दिसली तर घाबरू नका आणि उघडूही नका. काहींत विजेचा मोठा दाब असतो. तिच्यावर पत्ता लिहिलेला असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा. आत रात्रभर जमवलेली मापे असतात, कुणी तारा उपटल्या तर सगळी वाया जातात.