देहातील खवटपणा

समईत उरलेले तेल काही दिवसांनी खवट होते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. प्राणवायूच्या संयोगाने स्निग्धांश नासतो, हे त्याचे कारण. आपल्या पेशींच्या आवरणांतही स्निग्धांश असतो. प्राणवायूपासून उपजणारी उग्र द्रव्ये व त्यांना आवरणारी रक्षक द्रव्ये यांचा तोल ढळला, म्हणजे तेथेही तसेच घडते. या अवस्थेस ‘ऑक्सिडीभवनाचा ताण’ म्हणतात.

हा ताण मोजावा कसा? खवटपणातून मॅलोनडायआल्डिहाइड नावाचे द्रव्य उरते. रक्ताच्या नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापविले असता त्याचा गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकी नासाडी अधिक, असा अंदाज बांधतात. परंतु इतर द्रव्येही हाच रंग देतात. म्हणून वाचकांनी एका आकड्यावरून भयभीत होऊन गोळ्यांच्या मागे लागू नये. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला १९९४ साली आढळला.

आमच्या हैदराबादेत तार्नाक्याला असलेली राष्ट्रीय पोषण संस्था भाजीपाला व कडधान्ये भरपूर खाण्यास सांगते. धूम्रपान सोडून तोच मार्ग धरावा, हे आम्हांस श्रेयस्कर वाटते.