मागील आसाचे दंतगुणोत्तर

कोलकात्यातील एस्प्लनेडला चौरंगी आणि धर्मतल्ला या रस्त्यांची वाहने एकत्र येतात. तेथे मोटारीला धावण्यापेक्षा थांबून पुन्हा निघण्याचेच काम अधिक पडते. उत्तरपाडा येथे 2014 पर्यंत तयार होणाऱ्या अँबॅसडरमध्ये 1489 घनसेंटिमीटरच्या जुन्या एंजिनाऐवजी 1817 घनसेंटिमीटरचे इसुझू एंजिन बसवले, तर मागील आसाचे गुणोत्तर कोणते ठेवावे, याचा विचार अशाच चौकात उभे राहून केला पाहिजे.

पिनियनला 8 व क्राऊनला 39 दाते असल्यास गुणोत्तर 4.875 येते, 9 व 41 असल्यास 4.56. चाकाचा परीघ 2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला 500 फेरे घेते. टॉप गिअर थेट असेल, तर पहिल्या जोडीने एंजिनाचे फेरे 2,438 आणि दुसरीने 2,278 होतात. हमरस्त्यावर हे 160 फेरे वाचणे सुखाचे खरे. परंतु चाकावरील ओढही साडेसहा टक्क्यांनी घटते. मोठे एंजिन ही तूट सहज भरून काढते. मात्र पाच गिअरची पेटी असेल आणि पाचवा गिअर हमरस्त्यासाठीच असेल, तर जोडी बदलण्याचा खर्च कशासाठी करावयाचा?

बदलायचीच असेल तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावीत. ती एकमेकांशी जुळवलेली असतात. शिवाय स्पीडोमीटरची केबल गिअरपेटीतून निघते. आसातील बदलाचा तिला पत्ता नसतो. काटा 56 दाखवीत असताना गाडी वस्तुतः 60 ने धावत असते. म्हणून केबल फिरविणारे लहान दंतचक्रही त्याच वेळी बदलावे.