इलेक्ट्रिक गिटारचा निर्मळ स्वर

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खटखट आलीच. अशा गावात गिटारचे स्वच्छ ध्वनिमुद्रण होणार कसे, असे मित्र मला विचारतात. गंमत अशी की, इलेक्ट्रिक गिटारला ही खटखट जवळजवळ ऐकूच येत नाही. तिच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मात्र मागाची मोटर, ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर यांचे चुंबकीय क्षेत्रही हे वेटोळे टिपते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. म्हणून ५०, १०० आणि त्यापुढील पटींतली गुणगुण स्वरात मिसळते.

लूपरवर वाजवणाऱ्याला हा दोष अधिक जाचतो. तेथे एका फेरीवर दुसरी फेरी चढते, तशी खरखरही चढते. दोन थरांत ती सुमारे ३ डेसिबलने वाढते, चारांत ६, तर आठांत ९. म्हणून दोष उगमापाशीच रोखला पाहिजे. नॉइज गेट फक्त शांततेतली गुणगुण झाकतो. स्वर चालू असताना ती तशीच राहते.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. गिटारचा आवाज शून्यावर आणावा. गुणगुण थांबली, तर ती बहुधा पिकअपमधून येत होती. न थांबल्यास केबल किंवा पुढील यंत्रे तपासावीत. पिकअपचा दोष असेल तर मोटर आणि ट्यूबलाइटपासून दूर बसावे व गिटारची दिशा थोडी थोडी बदलून पाहावी. एखाद्या कोनात गुणगुण बरीच उतरते. हंबकर पिकअप असल्यास उत्तमच. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यातील दोन वेटोळी अशी जोडलेली असतात की तारेचा स्वर एकत्र होतो आणि बाहेरची गुणगुण परस्परांना छेदते.

केबल चांगल्या आवरणाची आणि शक्य तितकी आखूड घ्यावी. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी असलेल्या, सुमारे १ मेगओहमच्या जागीच ती जोडावी. मुद्रण २४ बिटवर करावे आणि सर्वांत जोरकस आघात उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवावी. लॅपटॉप बॅटरीवर चालवताच गुणगुण गेली, तर दोष अर्थिंगच्या दुहेरी वाटेत असण्याचा संभव आहे. अशा वेळी सर्व यंत्रे एकाच बोर्डावर जोडावीत, किंवा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स वापरावा.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन कोणीही काढू नये. गिटारच्या तारा सामान्यतः याच अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि आपली बोटे त्या तारांवर असतात. ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर ती पिनच आपला जीव वाचवते. निर्मळ स्वर हवा, तर आधी घरातील अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. नवे पिकअप त्यानंतर.