दोनशे किरण, एक बिंदू

एखाद्या निरभ्र दिवशी हा प्रयोग करून पाहा. तळहाताएवढे आठ-दहा आरसे गोळा करा आणि मित्रांच्या हाती एकेक द्या. सावलीतल्या भिंतीवर खडूने एक फुली काढा आणि प्रत्येकाने आपल्या आरशाचा कवडसा त्याच फुलीवर पाडावा. आता फुलीवर हात ठेवला तर चांगलाच चटका जाणवतो. तोच हात कोणत्याही एका आरशाच्या वाटेत धरा. तिथे नेहमीच्या उन्हापेक्षा जास्त काही जाणवत नाही. (आरशाकडे रोखून मात्र पाहू नका, डोळ्यांना इजा होईल.)

याच युक्तीवर मेंदूच्या आजारांवरील एक उपचार उभा आहे. तिथे फुलीच्या जागी मेंदूतील गाठ असते आणि उन्हाच्या जागी गॅमा किरण.

एक उदाहरण घेऊ. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या चेतेवर कधीकधी एक गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते, पण जागा फार अडचणीची. तिला खेटूनच सातवी चेता जाते, जिच्यामुळे आपण हसतो आणि डोळे मिटतो. आतल्या बाजूला श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मस्तिष्कस्तंभ. कवटी उघडून गाठ काढता येते, पण ती मोठी शस्त्रक्रिया होते. मग कवटी न उघडता गाठ मारता येईल काय?

एकच गॅमा किरणशलाका सोडून हे जमत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची तीव्रता सुमारे ११ सेंटिमीटर पाण्यातून जाताना निम्मी होते, आणि मेंदूचा मऊ भाग या बाबतीत जवळजवळ पाण्यासारखाच. म्हणजे आठ सेंटिमीटर खोल असलेल्या गाठीला जेवढी मात्रा मिळेल, त्याहून जास्त वाटेतल्या निरोगी मेंदूला मिळेल. रोग्यापेक्षा शेजाऱ्यालाच औषध जास्त!

स्वीडनमधील शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली या अडचणीवर तोड सुचवली: शलाका एक नको, अनेक घ्या आणि त्या निरनिराळ्या दिशांनी एकाच बिंदूवर आणा. भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्ये लार्सन यांच्यासह त्यांनी यावर पुढे काम केले आणि १९६८ साली स्टॉकहोम येथे १७९ कोबाल्ट स्रोतांचे पहिले यंत्र बसवले. त्याला 'गॅमा नाइफ' म्हणतात. नाव सुरीचे, पण सुरी कुठेच नाही. नंतरच्या यंत्रांत २०१ स्रोत होते, अलीकडच्यांत १९२ असतात. आपल्याकडे मुंबई व दिल्ली येथे १९९७ साली अशी यंत्रे आली.

आता थोडे गणित करू. शाळेतल्या भूमितीवर भागते, म्हणून टाळू नका. सोयीसाठी २०० शलाका धरू, प्रत्येकीचा व्यास ८ मिलिमीटर. त्या एका अर्धगोलावरून सारख्या अंतरांनी येतात असे मानू. मटाराएवढ्या गाठीच्या मध्यभागी २४ ग्रे मात्रा द्यायची आहे. (ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा.) तर प्रत्येक शलाकेच्या वाट्याला फक्त ०.१२ ग्रे येतात.

मध्यापासून r अंतरावरील अर्धगोलाचे क्षेत्रफळ २πr². सर्व शलाकांच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ २०० × π × ४², म्हणजे ३२००π चौरस मिलिमीटर. या दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की त्या अंतरावरच्या एखाद्या ठिकाणावरून सरासरी किती शलाका जातात ते कळते. १० मिलिमीटरवर उत्तर येते १६, म्हणजे सुमारे १.९ ग्रे. २० मिलिमीटरवर ४, म्हणजे अर्धा ग्रे. ४० मिलिमीटरवर केवळ एक. शलाका गाठीतून पलीकडे निघून जातात, म्हणून त्या बाजूलाही हाच हिशोब लागू. प्रत्यक्षात किरण विखुरतात आणि स्रोतांची मांडणीही इतकी सारखी नसते, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतात; पण मात्रा किती झपाट्याने उतरते ते यावरून ध्यानात येईल.

२४ ग्रे म्हणजे फार मोठी मात्रा. साऱ्या शरीराला एकदम चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. 'मग गाठ भाजून निघत असेल,' असे वर्गात कोणीतरी हमखास म्हणतो. तर पाण्याची विशिष्ट उष्णता घेऊन हिशोब करा. २४ ग्रेने तापमान वाढते जेमतेम ०.००६ अंश सेल्सिअस! गाठ उष्णतेने मरत नाही. किरण पेशीतील इलेक्ट्रॉन उडवतात, त्यामुळे डीएनएचे धागे तुटतात आणि पेशींना विभाजन करता येत नाही. म्हणून परिणाम दिसायला महिने, कधी वर्षेही लागतात. गाठ बहुधा नाहीशी होत नाही, वाढायची थांबते.

मात्रा इतकी झपाट्याने उतरते, हाच या उपचाराचा गुण आणि हाच त्याचा धोका. नेम दोन मिलिमीटर चुकला तर गाठीची एक कड वाचते आणि सातवी चेता सापडते. म्हणून जागेवर भूल देऊन डोक्याला एक धातूची चौकट चार स्क्रूंनी घट्ट बसवतात आणि तीसकट चित्रे घेतात. गाठीचा प्रत्येक बिंदू मग x, y, z या तीन आकड्यांत सांगता येतो. तुमच्या आलेखाच्या कागदावरचीच ही रीत. लेक्सेल यांच्या सुरुवातीच्या काळात साध्या क्ष-किरण चित्रांवरून जागा अदमासावी लागे. पुढे सीटी आणि एमआरआय आल्यावर गाठ आणि चेता वेगवेगळ्या दिसू लागल्या.

तरीही नेम अचूक असून भागले नाही. सुरुवातीला या गाठीच्या कडेला १६ ते २० ग्रे देत. गाठ थांबे, पण काही रोग्यांचा चेहरा एका बाजूने लुळा पडे. १९९० नंतर डॉक्टरांनी मात्रा हळूहळू १२-१३ ग्रेपर्यंत उतरवली. गाठी तरीही बहुतेकांच्या थांबल्या आणि चेहरा लुळा पडणे विरळा झाले. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा शोध हाच, आणि तो रोग्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवल्याने लागला. ऐकू येण्याची शक्ती मात्र आजही पुष्कळांची हळूहळू कमी होते.

गाठ मोठी असेल तर? वरचे गणित १६ मिलिमीटर व्यासाच्या शलाका घेऊन पुन्हा करा. २० मिलिमीटरवर आता ४ ऐवजी १६ शलाका येतील, म्हणजे निरोगी मेंदूला चौपट मात्रा. म्हणूनच साधारण तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीला एकाच बैठकीत असा उपचार सहसा देत नाहीत. एक तर शस्त्रक्रिया करतात, नाहीतर मात्रेचे भाग पाडून ती काही दिवसांत देतात.