कोठडीतील ठेव

शेजारी काशीयात्रेस निघताना आपली दागिन्यांची पेटी विश्वासाने आमच्या स्वाधीन करून गेला, तर परतल्यावर ती जशीच्या तशी त्यास देणे हे आमचे कर्तव्य ठरते. पेटी नाहीशी झाली, तर ती कशी झाली हे आम्ही सांगावयाचे असते. नागरिकशास्त्राच्या तासास हा दाखला देऊन आम्ही विचारतो, ‘पेटीच्या जागी जिवंत माणूस असेल तर?’

पोलीस ज्यास अटक करून कोठडीत ठेवतात, तो सरकारच्या हाती आलेली ठेवच होय. स्वतःचे रक्षण करणे, वैद्याकडे जाणे, आप्तांस हाक मारणे, यांपैकी काहीच त्याच्या स्वाधीन राहत नाही. म्हणून त्याच्या जिवाचा भार त्यास धरणाऱ्यावर येतो. राज्यघटनेच्या २१व्या कलमाने जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण केले आहे. २२व्या कलमाने अटकेचे कारण सांगावे, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असा सर्वसाधारण नियम घातला आहे. परंतु घटनेचे हे शब्द कोठडीच्या दारापर्यंत नेण्याचे मोठे कार्य दोन साध्या पत्रांनी केले.

एक पत्र ओरिसातील एका मातेचे. १ डिसेंबर १९८७ रोजी चोरीच्या तपासासाठी तिच्या बावीस वर्षांच्या मुलास पोलिसांनी घरून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. तो दोर दातांनी तोडून पळाला व गाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. १९८८ मध्ये मातेने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने त्यासच अर्ज मानून जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली. ताब्यातील माणसास प्राणघातक जखमा कशा झाल्या, हे सांगण्याचा भार सरकारवर आहे, असे न्यायालयाने १९९३ च्या निकालात ठरविले. पळून गेल्याची कथा टिकली नाही. मातेस दीड लाख रुपये भरपाई देण्याची आज्ञा झाली. गेलेला पुत्र पैशाने परत येत नाही. परंतु ठेवीचा हिशेब सरकारनेही दिला पाहिजे, हे सिद्ध झाले.

दुसरे पत्र त्याहून दोन वर्षे आधीचे. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांत वाचून पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी ते ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांस धाडले. त्यावर १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल होऊन अकरा नियम घालून देण्यात आले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी. अटकेचा दिवस व वेळ लिहून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी. आप्तास वा मित्रास कळवावे. मागणी केल्यास अंगावरील जखमांची तेव्हाच नोंद करावी. ताब्यात असेतो दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. नाव, वेळ आणि जखम यांची नोंद झाली, की मागाहून कथा रचणे कठीण होते. प्रामाणिक पोलिसासही या नोंदींचाच आधार असतो. २०२० मध्ये न्यायालयाने पोलीस ठाण्यांतून कॅमेरे बसविण्याविषयी सविस्तर आदेश दिला. ताब्यातील आरोपीच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ताबा घेणाऱ्याचे कर्तव्य होय, असे आता नागरिक सुरक्षा संहितेचे ५६वे कलमही सांगते.

‘पण गुरुजी, चोराची एवढी काळजी कशाला?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तो प्रश्न आम्ही टाळीत नाही. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. तो निर्णय न्यायालयाचा. गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षा न्यायालयाने द्यावयाची, काठीने नव्हे. छडीच्या भयाने मूल न केलेली चूकही कबूल करते, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सामान्यतः चालत नाही, त्याचे मर्म हेच.

नियम झाले, तरी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. नियम जागा राहतो तो विचारणारा जागा असेल तेव्हाच. पत्रलेखनाचा तास कंटाळवाणा वाटला, तर विद्यार्थ्यांनी त्या मातेचे स्मरण करावे. तिच्या हाती सत्ता नव्हती, धन नव्हते. होता एक कागद आणि एक प्रश्न : ‘माझी ठेव कोठे आहे?’ त्या प्रश्नास देशाच्या सर्वोच्च न्यायालयास उत्तर द्यावे लागले.